खऱ्या गिटारीच्या नऊ खुणा

खोटी वस्तू माझ्या नजरेतून सुटत नाही! ही बढाई नाही, माझा धंदाच खोट्याचा आहे. मी कवळ्या बनवतो. गेली बावीस वर्षं गावातले दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे माझ्याकडे पाठवतात आणि मी त्यावर दात बसवतो. नवा कोरा दात साठ वर्षं चहा प्यायल्यासारखा कसा दिसेल, त्यावर केसाएवढी चीर कुठे ओढायची, कडेला पिवळा रंग किती आणि करडा किती, हे सगळं माझ्या बोटांत आहे. जो माणूस खोटं इतकं खरं करून दाखवतो, त्याला दुसऱ्याचं खोटं ओळखता येणार नाही, असं होईल का?

म्हणून सासऱ्यांनी जुनी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं काढलं, तेव्हा मी लगेच म्हणालो, "बाबा, तुम्ही फक्त बरोबर चला. बाकी सगळं माझ्यावर सोडा!"

बाबा नोकरीत असताना घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचे आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. तीस वर्षं वाजवली, पण डुप्लिकेट! गिटारीच्या डोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव त्यांनी स्वतः पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं. दर दोन कार्यक्रमांनंतर ते घामाने पुसलं जायचं आणि बाबा पुन्हा ब्रश घेऊन बसायचे. आता डाव्या हाताची दोन बोटं सकाळी आखडायला लागली होती. "खरी एकदा हातात धरायची आहे हो," ते मला म्हणाले, "बोटं चालतायत तोवर." तोंडाने कधी काही न मागणारा माणूस. मला अगदी भरून आलं.

मी तीन आठवडे अभ्यास केला. जुन्या गिटारींच्या बाजारात काय चालतं, ते वाचून थक्क झालो. नवं लाकूड आणतात, सॅंडपेपरने घासतात, स्क्रू मिठाच्या पाण्यात बुडवून गंजवतात, रंगावर ब्लेडने चिरा पाडतात आणि साठ वर्षांपूर्वीची म्हणून विकतात. म्हणजे माझंच काम की! फक्त वस्तू तोंडात मावत नाही एवढंच. खऱ्या गिटारीच्या नऊ खुणा मी एका कार्डावर लिहून काढल्या आणि कार्ड खिशात ठेवलं. दोन दिवसांनी त्याची गरजच उरली नाही. बायकोचं म्हणणं असं, की मी झोपेतसुद्धा पाचवी खूण बडबडत होतो.

मग एक जाहिरात दिसली. 'जुनी गिटार विकणे आहे. जाणकारांनीच फोन करावा.' माझ्याइतका जाणकार कोण? मी फोन लावला.

"ओरिजिनल आहे," पलीकडून कुजबुज ऐकू आली. "शंभर टक्के." मग किंमत सांगितली. तीही इतक्या हळू, की मला दोनदा विचारावी लागली.

"जरा मोठ्याने बोला ना!"

"नाही बोलता येत. गुरुवारी दुपारी तीनला या. आधी नको, नंतरही नको!"

बिचाऱ्याचा घसा बसला असणार, असं मला वाटलं. किंमत ऐकून बाबांनी एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "खरी असेल तर देतो."

पण गुरुवारी जायला मी काय दूधखुळा आहे? वेळ ठरवून बोलावणारा विक्रेता त्या वेळेपर्यंत सगळी सजावट करून ठेवतो. मी बाबांना म्हणालो, "आपण बुधवारी सकाळी अकराला जायचं. न सांगता!"

"पण ते गुरुवार म्हणाले होते."

"म्हणूनच बुधवार!"

बाबा गप्प बसले. तज्ज्ञापुढे माणूस गप्पच बसतो.

बुधवारी मी दात बघायचा छोटा आरसा, चिमटा, कपाळावर बांधायचं भिंग आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. खालच्या औषधवाल्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा उचलला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"गिटार घ्यायला चाललाय की तिची दाढ काढायला?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

तिसऱ्या मजल्यावरचं दार एका बारीकशा म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. "आम्ही त्या गिटारीसाठी आलोय. फोन केला होता," असं मी म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तरी सवयीने ते हसले, आणि मी चमकलो. वरची कवळी माझ्या हातची होती! दोन वर्षांपूर्वीचं काम, डावीकडच्या सुळ्यावर मीच हौसेने हलकासा डाग दिला होता. कुणाच्या तोंडात गेली ते मला कधी कळत नाही, पण स्वतःचं काम मी अंधारातही ओळखतो.

पुढची खोली मधोमध वाटलेली होती. हे काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे खिडकीजवळ उघडे रेडिओ, तारा आणि डाख लावायची सळई. भिंतीकडच्या अर्ध्यात शाळेच्या गणवेशांचा ढीग, आणि त्यामागे काकू पायाने शिवणयंत्र चालवत बसलेल्या. खड-खड-खड-खड!

"कोण आहे हो?" यंत्र न थांबवता काकूंनी विचारलं.

"ते... ते गिटार बघायला आलेत," काका म्हणाले. मग एकदम मोठ्याने, "ती आपली जुनी! डुप्लिकेट!"

"द्या एकदाची," काकू म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं माळा अडवून बसलीय. मित्राने फुकट दिली म्हणून काय जन्मभर सांभाळायची?"

फोनवर ओरिजिनल आणि घरात डुप्लिकेट? मी काकांकडे रोखून बघितलं. त्यांनी मला डोळा मारला. एकदा नाही, चारदा! त्यांच्या डोळ्याला काहीतरी विकार असावा, असं मनात आलं. घसाही बसलेला, डोळाही असा. वय झालं की एकेक सुरू होतं.

बाबा मात्र उठून उभे राहिले. चेहरा एवढासा झाला होता. "डुप्लिकेट असेल तर राहू द्या," ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं तीच वाजवली."

मला ते बघवेना. आणि दुसरं म्हणजे, माझ्या कपाळावरचं भिंग बघून हा माणूस घाबरला आणि कबुली देऊन मोकळा झाला, हे तर मला अजिबात मान्य नव्हतं. तीन आठवड्यांचा अभ्यास काय कबुलीजबाब घेण्यासाठी केला होता?

"बसा, बाबा!" मी म्हणालो. "डुप्लिकेट की ओरिजिनल, हे मी ठरवणार. हे नाहीत!"

"अहो साहेब, मी सांगतोय ना, डुप्लिकेट आहे! तुम्ही उद्या या, उद्या सविस्तर बोलू."

"उद्या कशाला? मला अर्धा तास पुरे!"

मी माळ्यावरून पेटी काढून उघडली. आत लालसर रंगाची गिटार होती. कडेकडेने रंग उडालेला, अंगभर बारीक चिरा. बाबांनी श्वास रोखला. मी कपाळावरचं भिंग खाली ओढलं.

"पहिली खूण, झीज," मी म्हणालो.

"ती मी सॅंडपेपरने घासलीय!" काका घाईघाईने म्हणाले.

"काका, सॅंडपेपरने सगळीकडे सारखं झिजतं. इथे बघा, हात जिथे टेकतो तिथेच झिजलंय. दुसरी खूण, चिरा."

"ब्लेडने पाडल्या!"

"ब्लेडची चीर सरळ जाते. ही बघा कशी वाट चुकल्यासारखी गेलीय. चिरांबद्दल मला शिकवू नका, मी रोज पाडतो! तिसरी खूण, स्क्रू."

"मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले होते. आठ दिवस!"

"मग खालच्या पत्र्यावर त्यांच्या गंजाचा ठसा कसा उमटला? त्याला वर्षं लागतात, काका, वर्षं!"

काकांनी माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला. त्यांनी पुन्हा दिला. जागा अडचणीची होती, माणसाने तरी काय करावं!

वजन बरोबर निघालं, तारांच्या खुंट्या बरोबर. वास बरोबर, म्हणजे जुन्या कपाटासारखा. मग मी पडदे ओढले आणि जांभळा दिवा लावला.

"अहो, सुई बोटात जाईल माझ्या!" काकू ओरडल्या.

"एकच मिनिट, काकू! जुन्या रंगाचा थर या उजेडात हिरवट चमकतो, नवा चमकत नाही!"

आणि काय सांगू! त्या अंधारात दोनच गोष्टी चमकल्या. एक ती गिटार, आणि दुसरी काकांची कवळी. मी स्वस्तातला माल कधी वापरत नाही!

"दिवा खराब आहे तुमचा," अंधारातून दात म्हणाले.

मी पडदे उघडले, तारा सैल केल्या आणि चार स्क्रू काढून गिटारीची मान धडापासून वेगळी केली. बाबांनी डोळे मिटून घेतले. कारखान्यातला कारागीर मानेच्या टोकावर पेन्सिलने तारीख घालायचा, ही आठवी खूण. छोटा आरसा धरला, भिंग लावलं, आणि तिथे फिकट अक्षरांत तारीख होती! साठ वर्षांपूर्वीची! गेली साठ वर्षं जणू ती माझीच वाट बघत होती.

"बाबा," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला, "ओरिजिनल! शंभर टक्के ओरिजिनल!"

"डुप्लिकेट!" काका ओरडले.

"ओरिजिनल!"

"अहो, माझी गिटार आहे, मला माहीत नाही? डुप्लिकेट आहे!"

"तुम्हाला माहीत नाही, हेच तर दुःख आहे! मित्राने तुम्हाला काय दिलंय याची तुम्हाला कल्पना नाही, काका! या घरात डुप्लिकेट वस्तू एकच आहे, आणि ती गिटार नाही!"

बाबा माझी बाही ओढत होते. विकणारा वस्तू खोटी म्हणतोय आणि घेणारा ती खरी असल्याचं ओरडून सांगतोय, असा सौदा त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा. पण मी आता ऐकणाऱ्यातला नव्हतो.

तेवढ्यात मला जाणवलं, की खोलीत शांतता पसरली आहे. यंत्र थांबलं होतं.

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी हिची किंमत किती असेल?" काकूंनी विचारलं. अगदी सहज.

चांगला प्रश्न विचारणारं माणूस मला आवडतं. उत्तर त्यांना नीट समजावं, म्हणून मी खोलीत नजर फिरवली आणि त्यांच्या समोरच्याच वस्तूचं उदाहरण घेतलं. "असं बघा, काकू. तेव्हा हिच्या पैशात तुम्हाला विजेवर चालणारं शिवणयंत्र आलं असतं! भरतकामाच्या सोयीसकट!"

काका मटकन खाली बसले.

"ही कुठून आणली म्हणालात?" काकूंनी त्यांना विचारलं.

"मित्राने... आठवत नाही गं. इतकी वर्षं झाली."

"आठवत नसेल तर मी शोधून देतो!" मी म्हणालो. "नववी खूण राहिलीच आहे. पेटी!" जुन्या पेटीच्या मखमली अस्तराखाली लोक काय काय ठेवून विसरतात, हे मी वाचलं होतं. अस्तर एका कोपऱ्यात सुटलेलं होतं. मी आरसा आत घातला, कागदाची कड दिसली. चिमटा घातला. थोडा हलवला, थोडा ओढला, आणि एक घडी केलेला कागद अलगद बाहेर आला. वाद्यांच्या दुकानाची पावती! तारीख, किंमत, आणि घेणाऱ्याचं नाव. काकांचंच.

"बघा!" मी आनंदाने ती काकूंच्या हातात दिली. "याहून मोठा पुरावा नाही!"

काकूंनी चष्मा पुसला. पावती वाचली. पुन्हा वाचली.

"ही तर तुमचा खिसा कापला गेला त्या दिवसाची तारीख आहे," त्या म्हणाल्या.

काकांचा जबडा खाली गेला आणि वरची कवळी त्याच्या मागोमाग निघाली. ती घट्ट बसते, माझी हमी आहे. पण ती अशा प्रसंगासाठी बनवलेली नव्हती.

"यंत्राचे पैसे घेऊन बाहेर पडलात," काकू म्हणाल्या, "आणि संध्याकाळी फाटका खिसा घेऊन परत आलात. रडत होतात! मी तुम्हाला चहा करून दिला. तो खिसा मी शिवला! याच यंत्रावर! आणि तेव्हापासून पाय मारतेय, गुडघे गेले माझे. स्वतःच कापलात ना तो खिसा? माझ्या कात्रीने?"

काकांनी कवळी जागेवर बसवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कात्री नव्हती. ब्लेड होतं."

आता मला सगळं कळलं. फोनवरची कुजबुज, गुरुवार, डोळा, पाय, सगळं! एखाद्याला उशिरा कळतं, पण मला कळलं की एकदम पूर्ण कळतं. मी भिंग कपाळावर सरकवलं आणि आरसा खिशात ठेवला.

"वाजवता तरी कधी?" काकूंनी विचारलं.

"येतच नाही मला," काका म्हणाले. "दर गुरुवारी तू गणवेश पोचवायला गेलीस की काढतो, पुसतो आणि ठेवतो. गेल्या महिन्यात डॉक्टर तुझ्या गुडघ्यांबद्दल बोलले ना, तेव्हा ठरवलं की विकायची. पैसे तुझ्या यंत्रालाच घालणार होतो. लॉटरी लागली म्हणून सांगणार होतो."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन करायला मी असमर्थ आहे. रागही होता आणि आणखी काहीतरी होतं. मग त्या बाबांकडे वळल्या. बाबा अजून उभेच होते, हातात ती सुटी मान धरून. तान्हं मूल धरावं तशी.

"तुम्ही वाजवता?"

"हो. पण खरी कधी वाजवली नाही."

"जोडून द्या यांना," काकूंनी नवऱ्याला फर्मावलं.

काकांनी मुकाट्याने चार स्क्रू बसवले आणि एका रेडिओतून वायर ओढून गिटार जोडली. बाबांनी तारा जुळवल्या. मग वाजवायला लागले. कुठलंसं जुनं, संथ. आखडलेली बोटं एकदा चुकली, दोनदा चुकली, आणि मग सुटली. सांगायला लाज कसली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकू गणवेशाच्या बाहीने डोळे टिपत होत्या, आणि काका आपलीच गिटार पहिल्यांदा ऐकत होते.

"घेऊन जा," काकू शेवटी म्हणाल्या. "फोनवर जे ठरलं त्याच किमतीला. पैसे माझ्या हातात. यंत्र मी स्वतः जाऊन आणणार. यांना पाठवणार नाही!"

पावती त्यांनी सुयांच्या डब्यात ठेवून दिली. तिचा पुढे काय उपयोग होणार, ते काकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

परतताना मी हवेत होतो. नऊपैकी नऊ! एका माणसाचं स्वप्न पुरं केलं, एका बाईला न्याय मिळवून दिला आणि तेही अर्ध्या तासात! बाबा पेटी छातीशी धरून चालत होते. त्यांच्या घराच्या जिन्यात मात्र ते अचानक थांबले.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाईंना मी डुप्लिकेट घेतोय असं सांगितलंय."

"काय?"

"पैसे स्वयंपाकघर नवीन करायला बाजूला ठेवले होते. ते अजून बँकेतच आहेत, असं ती समजते. ओटा मी पुढच्या वर्षी करून देणारच आहे हो!"

"बाबा! तासाभरापूर्वी तिथे काय झालं, ते बघितलंत ना?"

"बघितलं की. त्या माणसाची चूक एकच झाली. बायको घरात असताना त्याच्याकडे तज्ज्ञ आला."

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई आणि त्यांच्यामागे माझी बायको. पेटी उघडली गेली. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून आत बघितलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे.

"डुप्लिकेटच ना?"

बाबा माझ्याकडे असे बघत होते, की दगडालाही पाझर फुटावा. बावीस वर्षांचा अनुभव, तीन आठवड्यांचा अभ्यास आणि नऊ खुणा मी एका घोटात गिळल्या.

"हो, आई," मी म्हणालो. "डुप्लिकेट. एकदम साधी."

"ते दिसतंयच! रंग उडालेला, स्क्रू गंजलेले, सगळीकडे भेगा! नवी डुप्लिकेट तरी आणायची. तीन आठवडे अभ्यास करून हे आणलंत?"

बायकोने कपाळावर हात मारला.

त्याला आता महिना झाला. जावयाने तीन आठवडे पुस्तकं वाचली आणि सासऱ्याच्या गळ्यात खटारा मारला, ही गोष्ट अख्ख्या नातेवाइकांत पोचली आहे. बायकोलाही खरं सांगता येत नाही, कारण तिला कळलं की तिच्या आईला कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागणार नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही. ओळखत असाल तर कृपा करून विसरा.

काल त्यांच्याकडे गेलो होतो. आतल्या खोलीत बाबा वाजवत बसले होते, सकाळ-संध्याकाळ तेच चाललेलं असतं म्हणे. सासूबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "जावईबापू, माझे पुढचे दोन दात तुमच्याकडून करून घ्यायचं ठरलं होतं ना? ते राहू द्या. मी दुसरीकडे बघते. रागावू नका, पण तुम्हाला खरं-खोटं कळत नाही हो."

आत गिटार क्षणभर थांबली. मग बाबांनी आवाज वाढवला.